चेंबर साफ – ३०० रुपये

आमच्या अभ्यासिकेच्या खर्चवहीत गेल्या महिन्याच्या पानावर दोन नोंदी एकाखाली एक आहेत. पहिली : प्लंबर मजुरी, पुढे त्याचे पूर्ण नाव, ८०० रुपये, सही. दुसरी : चेंबर साफ, ३०० रुपये. दुसऱ्या नोंदीपुढे नाव नाही, सही नाही, अंगठाही नाही. ही वही आम्हीच लिहितो. तेव्हा हा लेख आधी आमच्याविरुद्ध आहे, बाकीच्यांविरुद्ध नंतर.

विहाराला लागून असलेल्या या अभ्यासिकेत मानवतच्या वस्त्यांमधली आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. संडास एकच. फ्लशची टाकी रात्रंदिवस वाहत होती, सीटच्या मागच्या जोडातून पाणी झिरपत होतं आणि एके दिवशी सगळंच तुंबलं. पोरांनी कशीबशी सोय केली. पोरी मात्र दुपारीच घरी जाऊ लागल्या. चार दिवसांनी एकीनं स्पष्ट विचारलं, "सर, संविधानावर व्याख्यान ठेवता, संडास कधी दुरुस्त करता?" तेव्हा कुठे आम्ही हललो.

प्लंबर बोलावला तो आपल्याच वस्तीतला. पुण्यात बांधकामाच्या साइटवर मदतनीस म्हणून राबला, हात बसला तसा काम शिकून गावी परत आला. हुशार पोरगा आहे. आला, बघितलं आणि म्हणाला, "दादा, सीटपर्यंतचं काम माझं. चेंबरचं माझ्याकडं नाही. त्याला माणूस वेगळा बोलवा."

वेगळा माणूस आला. मेहतर समाजातले काका, वय साठीच्या घरात. बांबूच्या दोन कामट्या, एक लोखंडी आकडा आणि एक फुटकी बादली, एवढंच सामान. हातमोजे नाहीत, बूट नाहीत. चेंबरचं झाकण काढून अडीच तास त्यांनी घाण उपसली. त्यांनी ५०० रुपये मागितले होते. आमच्यातल्या एकानं ३०० वर सौदा तोडला. प्लंबरनं ८०० सांगितले तेव्हा तोच कार्यकर्ता गप्प होता. आम्हीही गप्प होतो, दोन्ही वेळा.

लूट कोण करतो?

आधी हिशेब मांडू. फ्लश टाकीचा आतला सेट ४५० रुपये, अँगल कॉक २५०, जोडणीची नळी १२०, चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, बेंड आणि चिकटवायचं सोल्यूशन मिळून ४८०, पांढरं सिमेंट आणि टेप ६०. सामान झालं १,३६० रुपयांचं. प्लंबरची मजुरी ८००, चेंबरचे ३००. एकूण २,४६०.

बैठकीत हा हिशेब वाचला तेव्हा तक्रार प्लंबरबद्दल आली. तीन तासांचे आठशे? ही तर लूट! ही तक्रार प्रत्येक घरात ऐकू येते, म्हणून तिचं उत्तर आधी देतो. त्या आठशेत त्याच्या गाडीचं पेट्रोल आहे. पाइप रेंच, कटर, ड्रिल मशीन यांची झीज आहे. दुकानात दोन चकरा आहेत. काम नसलेले दिवस आहेत. पावसाळ्यात बांधकामं थांबतात तेव्हा त्याला कुणी बसून पगार देत नाही. त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, विमा नाही, आजारपणाची रजा नाही. पगारदार माणसाला महिना संपला की पैसे मिळतात आणि रविवारही मिळतो. कारागिराच्या मजुरीतूनच त्याचा रविवार निघायचा असतो. आणि वाहणारा फ्लश तसाच ठेवला असता तर मोटारीचं वीजबिल आणि ओल धरलेली भिंत यांनी वर्षभरात याहून जास्त पैसे खाल्ले असते. तेव्हा ८०० रुपये ही लूट नाही. कामाची बोली आधी ठरवा, सामानाची पावती मागा, पण कारागिराची मजुरी कापू नका.

लूट झाली ती खालच्या ओळीत. तिच्यावर बैठकीत एकही माणूस बोलला नाही. ३०० रुपये सगळ्यांना बरोबर वाटले. का वाटले?

८०० आणि ३०० यांच्यामध्ये काय आहे?

बाजाराचं उत्तर तयार असतं. प्लंबरकडे कौशल्य आहे, चेंबर कुणीही साफ करू शकतो. कुणीही करू शकतो, तर आमच्यापैकी कुणी का केलं नाही? अभ्यासिकेत वीस तरुण होते. चार दिवस संडास तुंबलेला होता. कामट्या आणायला पैसे लागत नाहीत. जे काम करायला वीसातला एकही तयार नाही, ज्याची दुर्गंधी, ज्याचा धोका सगळ्यांत जास्त, त्याचा दर बाजाराच्या नियमानं सगळ्यांत जास्त असायला हवा. तो सगळ्यांत कमी आहे. म्हणजे हा दर मागणी-पुरवठ्यानं ठरलेला नाही. ते काम करण्यासाठी एक समाज जन्मानं बांधून ठेवलेला आहे, त्याला दुसरीकडे दार उघडं नाही, म्हणून तो स्वस्तात मिळतो. त्या स्वस्ताईचं नाव जात आहे.

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवला. श्रमिकांचे हे कप्पे शेजारी-शेजारी नसून एकावर एक रचलेले आहेत, हेही सांगितलं. एम.ए. समाजशास्त्राला आम्ही यावर उत्तरं लिहिली, गुण मिळवले. मानवतच्या त्या चेंबरपाशी मात्र ही पायरी आमच्या डोळ्यांसमोर उभी होती आणि आम्ही तिच्यावर घासाघीस करत होतो.

त्या प्लंबर पोराला आम्ही नंतर विचारलं, तू चेंबरला हात का लावत नाहीस? त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो. "दादा, एकदा चेंबरात हात घातलेला बघितला की लोक मला स्वयंपाकघरातल्या नळाला बोलवत नाहीत. माझ्या कार्डावर आडनाव नाही, ते का नाही तुम्हाला माहीत आहे."

आम्हाला माहीत आहे. आडनाव कळलं तर त्याला अर्ध्या गावाच्या स्वयंपाकघरात प्रवेश नाही. तो ज्या पायरीवर उभा आहे तिथं टिकण्यासाठी त्याला खालच्या पायरीवरच्या माणसापासून लांब राहावं लागतं. श्रेणीबद्ध विषमता चालते ती अशी. वरचा माणूस खालच्याला लाथ मारतो एवढ्यावर ती चालत नाही. प्रत्येकाच्या पायाखाली आणखी एक जण दिलेला असतो आणि त्याच्यापासूनचं अंतर हीच प्रत्येकाची कमाई ठरते. या पोराला दोष देऊन आम्ही सुटत नाही. त्यानं पोटासाठी अंतर ठेवलं. आम्ही तर काही गरज नसताना २०० रुपये वाचवले.

सोनपेठ आठवतंय का?

मे २०२३. आपल्याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. पाचही मुस्लीम. मानवतपासून हे ठिकाण काही दूर नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो. असलंच पाहिजे होतं. पण सोनपेठच्या पाच मृत्यूंनंतर आम्ही कुठे होतो? आम्ही गेलो नाही. एक निवेदनही दिलं नाही. तो 'अपघात' होता, ते 'आपले' नव्हते, आणि प्रकरण टाकीचं होतं. यापैकी कोणतं कारण खरं, ते प्रत्येकानं स्वतःला विचारावं. संविधानाची प्रत ज्या हक्कांसाठी जपायची, त्यातला जगण्याचा हक्क टाकीत उतरणाऱ्यालाही आहे.

टाकीत माणूस का मरतो हेही नीट समजून घ्या, कारण वस्तीत अजून 'विषारी हवा लागली' एवढंच सांगितलं जातं. बंद टाकीत मैला कुजताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडलेल्या अंड्यासारखा असतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते. आत उतरलेल्याला वाटतं वास गेला, म्हणजे धोका गेला. पुढच्या क्षणी तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून अशा घटनांत अनेकदा एकापेक्षा जास्त माणसं मरतात, आणि ती बऱ्याच वेळा एकमेकांची नातलग किंवा सोबती असतात.

आता कायदा. हातानं मैला साफ करण्यास बंदी आणि पुनर्वसनाचा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला अमलात आला. महापरिनिर्वाण दिनी आपण चैत्यभूमीला जातो, पण त्याच तारखेचा हा कायदा किती जणांनी वाचला आहे? त्याचं कलम ७ सांगतं की सेप्टिक टाकी किंवा मैलावाहिनीची धोकादायक सफाई कुणाकडूनही करून घेता येणार नाही. ही मनाई नगरपालिका आणि ठेकेदारापुरती नाही, कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. सुरक्षासाधनं न देता हातानं करवून घेतलेली सफाई म्हणजेच धोकादायक सफाई. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. घरमालक, शाळा, विहार समिती, सगळे यात आले. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१४ रोजी दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाख केली.

केंद्र सरकारच्याच 'नमस्ते' योजनेत मैलावाहिन्या आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांची नोंदणी झाली. २०२४ मध्ये समोर आलेल्या आकडेवारीप्रमाणे नोंदवलेल्या ३८ हजार जणांपैकी ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे होते. अनुसूचित जमाती आणि ओबीसी मिळवले तर ९१.९ टक्के. कौशल्य आणि बाजार एवढेच मुद्दे असते तर हा आकडा असा आला असता का?

"आपल्या पोरांनी संडासाच्या कामात पडूच नये"

हा लेख लिहिण्याआधी आम्ही काही जुन्या कार्यकर्त्यांशी बोललो. त्यांचं म्हणणं असं की बाबासाहेबांनी घाणेरडी कामं सोडायला सांगितली. आता पुन्हा पोरांना पाइप आणि संडास कशाला शिकवता? त्यांनी कलेक्टर व्हावं.

कलेक्टर जरूर व्हावं. पण अभ्यासिकेतल्या चाळीसपैकी किती जण होणार आहेत आणि उरलेल्यांनी तिशी उलटेपर्यंत काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नाही. आणि बाबासाहेबांचं मत असं अर्धवट सांगणं बरोबर नाही. मैला वाहण्याच्या कामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणाऱ्या गांधीजींच्या भूमिकेवर त्यांनी १९४५ च्या पुस्तकात कठोर टीका केली, हे खरं. पण त्याच बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य मुलांना तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मागितल्या आणि सरकारी बांधकामाच्या कंत्राटांत अस्पृश्यांना वाटा नाही हेही दाखवून दिलं. जातीनं लादलेलं काम सोडा आणि यंत्राचं, तंत्राचं काम हातात घ्या, अशी ती दिशा होती.

प्लंबिंग कोणत्याही जातीचा वंशपरंपरागत धंदा नाही. मनुस्मृतीत पाइप रेंच नाही. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडाई भागातून देशभर प्लंबर गेले. तिथं प्लंबिंगची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. त्यांच्या हातात हा धंदा स्थलांतरातून आणि शिक्षणातून आला. आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात घरं बांधली जात आहेत, प्रत्येक घरात संडास आहे. पण आपल्या समाजात बारावीनंतर डी.एड., बी.ए. आणि मग अभ्यासिका हा एकच रस्ता दाखवला जातो.

सरकार कोणता रस्ता दाखवतं तेही बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, धोबी, टोपल्या-झाडू करणारे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, कमी व्याजाचं कर्ज, आणि सोबत 'गुरू-शिष्य परंपरे'चं गुणगान. त्या यादीत प्लंबर नाही. इलेक्ट्रिशियन नाही. बापाचा धंदा पोरानं केला तर मदत, जात मोडणारा नवा धंदा धरला तर या योजनेत जागा नाही. कारागिरांना मदत मिळू नये असं आम्ही म्हणत नाही. मदतीच्या यादीवर जातीचा साचा का बसवला, एवढा आमचा सवाल आहे.

"गरीब वस्तीला मशीन परवडत नाही"

हा दुसरा आक्षेप. टाकी उपसायला टँकरवाल्यानं आम्हाला अडीच हजार सांगितले. एका घराला हे जड आहे, मान्य. पण सेप्टिक टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. तीन वर्षांवर वाटले तर महिन्याला सत्तर रुपये होतात. वस्तीतल्या दहा घरांनी एकाच दिवशी टँकर बोलावला तर फेऱ्यांचा खर्चही कमी पडतो. जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी जमवता येते, टँकरसाठी का जमत नाही? आणि हे सगळं घराघरावर ढकलायचंही कारण नाही. मैला उपसायचं यंत्र ठरावीक, परवडणाऱ्या दरात उपलब्ध करून देणं हे नगरपालिकेचं काम आहे. ते मागायला मोर्चा काढावा लागला तर काढू.

साधं चेंबर तुंबलं तर टँकरही लागत नाही. एकमेकांना जोडता येणाऱ्या लवचीक काठ्यांचा संच, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट आणि पाण्याचा जोरदार फवारा एवढ्यात काम होतं. चेंबरात उतरावं लागत नाही, मैल्याला हात लागत नाही. हे सामान वस्तीनं एकदा घ्यायचं, विहारात ठेवायचं. आणि ते वापरायला शिकलेला माणूस प्लंबरच असावा. म्हणजे सीटपर्यंतचा एक आणि चेंबरपासूनचा दुसरा, ही फाळणीच संपेल. ज्या दिवशी स्वयंपाकघराचा नळ आणि चेंबरची काठी एकाच हातात, एकाच दरानं राहील, त्या दिवशी त्या पोराला कार्डावर आडनाव लिहिता येईल की नाही, याचा खरा कस लागेल.

आम्ही काय केलं

आम्ही काकांकडे गेलो. राहिलेले २०० आणि वरचे ३०० असे ५०० रुपये दिले, म्हणजे प्लंबरइतकेच ८०० झाले. चूक झाली असं सांगितलं. वहीत त्यांचं नाव लिहायचं म्हणालो. त्यांनी नाव लिहू दिलं नाही. "साहेब, मी ठेक्यावर आहे. खासगी काम केलेलं कळलं तर काढतील. नाव नको." मान देण्यासाठी आम्ही नाव विचारलं, आणि त्याच नावानं त्यांची भाकरी जाऊ शकते. तेव्हा वहीत नाव आलेलं नाही. रक्कम बदलली, आणि 'चेंबर साफ' खोडून 'कारागीर मजुरी' असं लिहिलं. हे फार थोडं आहे, आम्हाला ठाऊक आहे.

त्यांचा नातू नववीत आहे. त्याच्याबद्दल ते म्हणाले, "त्याला ही कामटी धरू देणार नाही." त्याला अभ्यासिकेत आणा म्हणालो. त्यांनी विचारलं, "तिथं बसू देतील का पोरं?" आम्ही हो म्हणालो. बुद्धवंदना होते त्या आवारात हा प्रश्न विचारावा लागला, ही नामुष्की कुणाची?

समितीपुढे आम्ही चार ठराव ठेवले आहेत. एक, विहाराच्या किंवा अभ्यासिकेच्या कामासाठी कोणताही माणूस टाकीत उतरणार नाही. दोन, चेंबरच्या कामाचा दर प्लंबरच्या दरापेक्षा कमी असणार नाही आणि त्यावर घासाघीस होणार नाही. तीन, सुरक्षासाधनांचा संच येत्या जयंतीच्या वर्गणीतून, डीजेच्या आधी. चार, दरवर्षी वस्तीतल्या निदान दोन मुला-मुलींना प्लंबिंगच्या प्रशिक्षणाला पाठवायचं आणि त्यात मेहतर, मातंग घरांतल्या मुलांना पहिली संधी. पहिला ठराव लगेच मंजूर झाला. दुसऱ्यावर दोन तास वाद झाला आणि तो पुढच्या बैठकीवर गेला.

पहिल्या ठरावाला पैसे लागत नव्हते, दुसऱ्याला लागतात. प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी आपापल्या विहाराची खर्चवही उघडावी आणि 'सफाई' म्हणून लिहिलेल्या ओळी वाचाव्यात. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, कुणाला किती दिले. मग पुढच्या बैठकीत दुसरा ठराव आपल्याकडेही मांडावा.

जय भीम!